निराधारच्या फॉर्मवरचं नाव

आमच्या सानगडीत काय किंवा साकोली तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, एखाद्या घरचा कर्ता पुरुष गेला की तेरवीनंतर आठ-पंधरा दिवसांत कुणीतरी शेजारीण त्या बाईला सांगतेच, की आता संजय गांधीचा फॉर्म भरून टाक. योजनेचं पूर्ण नाव संजय गांधी निराधार अनुदान योजना. पण एवढं लांबलचक नाव घेतं कोण? कुणी निराधारचे पैसे म्हणतं, कुणी नुसतंच संजय गांधी. यंदा संजय गांधी आला का, असं बँकेच्या रांगेत बाया एकमेकींना विचारतात.

मी गावातल्या बायकांचे हे फॉर्म भरून देते. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, पासबुकाची झेरॉक्स... सगळं जुळवायचं आणि तहसील कार्यालयात द्यायचं. २०२३ मध्ये या योजनेची रक्कम हजारावरून दरमहा १५०० रुपये झाली. ज्या माणसाच्या नावाने हे पैसे येतात तो कोण होता, हे मात्र फारच थोड्या जणींना ठाऊक असतं. म्हाताऱ्या बायांना नसबंदीवाला एवढं आठवतं. कॉलेजात जाणाऱ्या मुलींना तेही नाही. विधवांच्या योजनेला ज्याचं नाव आहे, तो स्वतः आपल्या २३ वर्षांच्या बायकोला विधवा करून गेला, आणि तेही एका अशा सकाळी, जेव्हा घरातल्यांनी नको म्हटलेली गोष्टच तो करत होता. मैत्रिणींनो, आज त्याच माणसाबद्दल लिहिते आहे.

संजयचा जन्म १४ डिसेंबर १९४६ चा, दिल्लीचा. आजोबा पंडित नेहरू, आई इंदिरा, वडील फिरोज गांधी. थोरला भाऊ राजीव त्याच्याहून सव्वादोन वर्षांनी मोठा. घरात राज्यकारभार चालायचा, पाहुणे देशोदेशींचे यायचे. पण आईवडिलांचं फारसं जमत नव्हतं. मुलं बहुतेक आजोबांच्याच घरी वाढली. १९६० च्या सप्टेंबरात फिरोज गांधी हृदयविकाराने गेले तेव्हा संजय जेमतेम तेरा वर्षांचा होता. बापाविना वाढणारं धाकटं पोर आणि त्याच्यासाठी जीव टाकणारी आई. ही गोष्ट पंतप्रधानांच्या बंगल्यात काय आणि आपल्या आळीत काय, सारखीच असते. धाकट्याला नाही म्हणणं आईला जड जातं.

शिक्षणात त्याचं मन नव्हतं. डेहराडूनच्या नामांकित शाळांत घातलं, पण पुस्तकापेक्षा यंत्रात जास्त रस. नट-बोल्ट, इंजिन, गिअर यांत रमायचा. मग इंग्लंडमध्ये क्रू या गावी रोल्स रॉइसच्या कारखान्यात उमेदवारीला गेला. परत आला तो भारतात स्वस्त मोटारगाडी बनवायचं स्वप्न घेऊन. तेव्हा आई पंतप्रधान झाली होती. १९७१ मध्ये मारुती नावाची कंपनी निघाली, हरियाणात गुडगावजवळ जमीन मिळाली, पण संजय यांच्या हयातीत त्या कारखान्यातून सामान्य माणसाच्या दारात एकही गाडी आली नाही. ती आली ते गेल्यावर. सरकारने नवी कंपनी काढली, जपानी सुझुकीची मदत घेतली आणि १४ डिसेंबर १९८३ ला, म्हणजे संजय यांच्या वाढदिवशी, पहिल्या मारुती गाडीची किल्ली इंदिराजींच्या हस्ते दिली गेली. आज आपल्या गावातही लग्नाच्या वरातीत जी गाडी दिसते, तिच्या नावाची सुरुवात ही अशी.

२३ सप्टेंबर १९७४ रोजी मनेका आनंद यांच्याशी त्यांचं लग्न झालं. मनेका तेव्हा अठरा वर्षांच्या, संजय सत्तावीसचे. पुढच्या वर्षी, १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी आली आणि कुठलंही पद नसलेला हा तरुण देशातला सगळ्यात वजनदार माणूस झाला. मुख्यमंत्री त्याच्या मागेपुढे करत. नसबंदीची मोहीम त्याच काळातली. कुटुंब लहान असावं ही गोष्ट काही वाईट नव्हती. पण शाळामास्तरांपासून तलाठ्यांपर्यंत सगळ्यांना आकडे ठरवून दिले गेले, आणि एका वर्षात देशात ऐंशी लाखांच्या वर शस्त्रक्रिया झाल्या. आपल्या महाराष्ट्राने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच विधिमंडळात मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. गावोगावची माणसं धाकात होती. दिल्लीत तुर्कमान गेटजवळ घरं पाडली गेली, गोळीबार झाला. १९७७ च्या निवडणुकीत लोकांनी त्याचं उत्तर दिलं. आईही पडली, मुलगाही अमेठीतून पडला.

हे सगळं थोडक्यात सांगितलं, कारण राजकारणावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचं आहे ते त्यांच्या विमानाबद्दल.

संजय यांनी १९७६ मध्ये विमान चालवायचा परवाना मिळवला होता. थोरले बंधू राजीव तर विमानावरच पोट भरत होते. इंडियन एअरलाइन्सचे ते वैमानिक. दोन्ही भावांना आकाशाची ओढ, पण दोघांच्या उडण्यात जमीन-अस्मानाचा फरक होता, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

प्रवासी विमानाचा वैमानिक कितीही मोठ्या बापाचा, किंवा मोठ्या आईचा म्हणू, मुलगा असो, त्याच्यावर अनेकांचे डोळे असतात. ठरावीक महिन्यांनी डॉक्टर तपासतात. ठरावीक महिन्यांनी दुसरा अनुभवी वैमानिक शेजारी बसून परीक्षा घेतो. शेजारच्या खुर्चीत सहवैमानिक असतो, तो चूक दाखवू शकतो. कोणत्या वाटेने जायचं, किती उंचीवरून जायचं, हवा खराब असेल तर निघायचं की नाही, हे सगळं ठरलेलं असतं. मागे प्रवासी बसलेले असतात, त्यांचीही एक जाणीव असते. राजीव या शिस्तीत उडत होते.

हौस म्हणून उडणाऱ्याचं तसं नसतं. नियम त्यालाही असतात, नाही असं नाही. पण आज निघायचं का, किती खाली यायचं, अजून एक गिरकी घ्यायची का, हे तो एकटा ठरवतो. त्याला अडवणारं विमानात कुणी नसतं. आणि जमिनीवरचे अडवणारे त्याला घाबरत असतील, तर मग त्याला अडवणारं कुठेच कुणी उरत नाही. संजय यांचं हेच झालं. ते गाडी जशी हाकायचे तसंच विमान हाकायचे, असं त्यांना ओळखणारे सांगत. कुर्ता-पायजमा आणि पायांत आपली कोल्हापुरी चप्पल, अशा वेशात ते विमानात चढत. विमानात पायानेही काम असतं. दोन्ही पायांखाली पट्ट्या असतात, त्यांवर शेपटीचं वळण अवलंबून असतं. तिथे पाय घसरून चालत नाही. चप्पल घालून उडू नकोस, बूट घाल, असं राजीव यांनी धाकट्या भावाला बजावल्याचं इंदिराजींच्या चरित्रांत वाचायला मिळतं. भाऊ ऐकणाऱ्यातला नव्हता. (घरातल्या मोटारसायकलवर हेल्मेट घे रे म्हणून ओरडणाऱ्या बहिणी हे वाचून हसतील. आपल्याकडे तरी कोण ऐकतं!)

१९८० च्या जानेवारीत वारं पुन्हा फिरलं. इंदिराजी पंतप्रधान झाल्या. संजय अमेठीतून खासदार झाले. मार्चच्या १३ तारखेला मुलगा झाला, वरुण. मे महिन्यात अनेक राज्यांत निवडणुका झाल्या, त्यांत महाराष्ट्रही होता. उमेदवारी कुणाला द्यायची यात संजय यांचा शब्द शेवटचा होता. ९ जूनला बॅरिस्टर अंतुले आपले मुख्यमंत्री झाले ते त्यांच्या मर्जीने, असं तेव्हा सगळेच म्हणत. वय वर्षे ३३. पुढचा पंतप्रधान हाच, यात कुणाला शंका नव्हती.

आणि त्याच दिवसांत दिल्ली फ्लाइंग क्लबमध्ये एक नवं विमान आलं. पिट्स एस-टू-ए त्याचं नाव. अमेरिकेत कर्टिस पिट्स नावाच्या माणसाने कसरतींसाठी म्हणून तयार केलेली ही जात. एकावर एक असे पंखांचे दोन मजले, पंखांची लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस फूट, बसायला दोन जागा, एकापाठी एक. आपल्या एस.टी.पेक्षाही आखूड असं हे विमान. पण चपळ भारी! जरा हात हलला की वळतं, उलटं होतं, गिरकी घेतं. ते सरळ प्रवासासाठी नसतंच. शर्यतीच्या बैलाला नांगराला जुंपत नाहीत, तसं.

अशा विमानावर हात बसायला वेळ लागतो. आधी उंचावर जाऊन सराव करायचा असतो. संजय यांना एवढा धीर कुठला! नवं विमान हाती आल्यावर दोन-तीन दिवसांत त्यांनी जवळच्या माणसांना आळीपाळीने वर फिरवून आणलं. त्यांत मनेकाही होत्या. आकाशात विमान उलटंसुलटं झालं, त्या ओरडत राहिल्या, खाली उतरल्यावर सासूबाईंकडे गेल्या आणि याला या विमानात जाऊ देऊ नका म्हणून विनवलं, अशी हकिगत चरित्रकारांनी लिहून ठेवली आहे. बायको घाबरट असते, असं घरोघरी म्हणतात. इथे घाबरणाऱ्या बाईचं बरोबर होतं आणि सगळ्या देशाला धाकात ठेवणारी सासूही मुलाला थांबवू शकली नाही.

घरच्यांचं सोडा. विमानं सुरक्षित उडावीत म्हणून सरकारचं एक खातं आहे, नागरी उड्डाण खातं. संजय सुरक्षेचे नियम पाळत नाहीत, असा आक्षेप त्या खात्याच्या त्या वेळच्या प्रमुखांनी घेतला होता आणि त्यानंतर त्यांना रजेवर जावं लागलं, हे त्या काळच्या नियतकालिकांत छापून आलं होतं. ज्याने शिट्टी वाजवायची त्यालाच मैदानाबाहेर काढलं, तर खेळ कसा चालणार?

सोमवार, २३ जून १९८०. सकाळी आठच्या आत संजय सफदरजंग विमानतळावर पोचले. त्यांच्या घरापासून तो अगदी जवळ. त्या दिवशी माधवराव शिंदे त्यांच्यासोबत विमानात बसणार होते, पण त्यांना यायला उशीर झाला, असं सांगतात. (तेच माधवराव २००१ च्या सप्टेंबरात उत्तर प्रदेशात मैनपुरीजवळ छोटं विमान कोसळून गेले. नियतीच म्हणायची.) मग संजय यांनी क्लबमधले शिक्षक कॅप्टन सुभाष सक्सेना यांना सोबत घेतलं. सक्सेना पुढच्या जागेवर बसले, संजय मागच्या. पिट्सच्या दोन जागांपैकी मागची जागा चालवणाऱ्याची असते.

विमान उडालं. ते दूर शेतावर किंवा मोकळ्या माळावर गेलं नाही. दिल्लीच्या बंगल्यांच्या वस्तीवरच, विलिंग्डन क्रेसेंट नावाच्या रस्त्याच्या बाजूला गेलं. हरल्यानंतरच्या तीन वर्षांत इंदिराजींचं कुटुंब जिथे राहिलं तो १२ नंबरचा बंगला याच रस्त्यावरचा. त्या भागावर संजय यांनी उभ्या गिरक्या घ्यायला सुरुवात केली. एक झाली, दुसरी झाली. पुढच्या गिरकीत विमान खाली आलं ते वर गेलंच नाही. साधारण आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. झाडांच्या फांद्या मोडत ते जमिनीवर आदळलं. दोघेही जागीच गेले.

असं का झालं असेल? मी काही विमानातली जाणकार नाही, पण यावर जे वाचलं ते आपल्या भाषेत सांगते.

लहानपणी आपण पाण्याची बादली हातात धरून गरागरा फिरवायचो, आठवतं का? बादली डोक्यावर उलटी झाली तरी पाणी सांडत नाही. विमानाची उभी गिरकी साधारण तशीच. आधी वेग घ्यायचा, नाक वर उचलायचं, आकाशात उलटं व्हायचं आणि मग खाली सूर मारून पुन्हा सरळ व्हायचं. यातला शेवटचा भाग सगळ्यात घातक. विमान नाकावर खाली येत असतं आणि वेग वाढत असतो. ताशी दोनशे किलोमीटर वेगाने सरळ खाली येणारं विमान एका सेकंदात ५५ मीटर, म्हणजे सुमारे १८० फूट खाली येतं. तुम्ही हजार फुटांवर असाल तर हाती राहिले पाच-साडेपाच सेकंद! एवढ्यात चूक कळली पाहिजे, हाताने सुधारली पाहिजे आणि विमानाने ऐकलं पाहिजे. तेच विमान पाच हजार फुटांवर असतं तर अर्धा मिनिट मिळाला असता. उंची म्हणजे वैमानिकाच्या गाठीला बांधलेले पैसे. वर असताना चूक झाली तर ते खर्च करून वाचता येतं. खाली गाठ रिकामी असते.

दुसरी गोष्ट. जमीन जवळ दिसली की माणूस घाबरून विमानाचं नाक जोरात वर ओढतो. इथेच घात होतो. पंखाला वर उचलून धरते ती त्याच्यावरून व्यवस्थित वाहणारी हवा. नाक एकदम ओढलं की हवा पंखाला सोडून देते आणि पंख निकामी होतो, मग वेग कितीही असो. वेगात असलेलं विमान पडत नाही, हा समज खोटा आहे. अशा वेळी नाक जरा सैल सोडायचं असतं, म्हणजे आणखी थोडं खाली जायचं असतं. पण खाली जायला जागाच नसेल तर?

म्हणूनच तर जगभर नियम आहेत. शहर-गावाच्या वस्तीवरून जाताना आजूबाजूच्या सर्वांत उंच इमारतीपेक्षाही निदान हजार फूट वर राहायचं. मोकळ्या जागेवर निदान पाचशे फूट. कसरती दाट वस्तीवर करायच्या नाहीत. हे नियम वैमानिकाच्या जिवासाठी आहेत तसे खाली अंगणात तांदूळ निवडत बसलेल्या बाईसाठीही आहेत. दिल्लीत त्या सकाळी खाली कुणी सापडलं नाही, हे नशीब.

खाली उडण्यात आणखी एक वैरी असतो. तारा. विजेच्या, टेलिफोनच्या, नदीवरच्या. वरून बघताना खांब दिसतो, तार दिसत नाही. दिसते तेव्हा वेळ गेलेली असते. आपल्या भागातल्या बायांना हे वेगळं सांगायला नको. गोंदियाजवळच्या बिरसीहून उडालेलं एक शिकाऊ विमान २६ एप्रिल २०१७ रोजी वैनगंगेवर खाली आलं, नदीवरून आडव्या गेलेल्या तारेत अडकलं आणि पात्रात कोसळलं. शिकवणारे गेले, आणि शिकणारी मुलगीही गेली. आईबापांनी मोठ्या हौसेने मुलीला वैमानिक करायला पाठवलं होतं. मुलींनी विमान शिकू नये असं माझं मुळीच म्हणणं नाही, उलट शिकावंच. पण आपली मुलगी जिथे शिकते तिथे किती उंचीवर उडवतात, खाली उतरायचे नियम काय, हे विचारायचा हक्क आईला आहे. फी किती हे आपण विचारतो, हॉस्टेलचं जेवण कसं हेही विचारतो. हेही विचारावं.

दिल्लीच्या त्या सकाळकडे परत येते. बातमी कळताच इंदिराजी धावत तिथे पोचल्या. मुलाचा देह मोडून गेला होता. डॉ. राममनोहर लोहिया रुग्णालयात डॉक्टरांना तो पुन्हा नीट करायला काही तास लागले. ती आई बाहेर थांबून होती. डोळ्यांना काळा चष्मा, चेहरा दगडासारखा, हा त्यांचा फोटो त्या वेळच्या वर्तमानपत्रांतून घरोघरी गेला. राजीव-सोनिया मुलांना घेऊन इटलीला गेले होते, ते तातडीने परतले. दुसऱ्या दिवशी नेहरूंच्या समाधीजवळ, शांतिवनाच्या परिसरात संजय यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. चार दिवसांत इंदिराजी पुन्हा कचेरीत कामाला बसल्या. काहींनी याला कणखरपणा म्हटलं, काहींनी काळीज नसलेली बाई म्हटलं. ज्या बाईने पोटचं पोर गमावून चौथ्या दिवशी रोवणीला जावं लागताना पाहिलंय, ती असं काही म्हणणार नाही. दुःख आवरायला काहींना काम लागतं.

अपघाताची न्यायालयीन चौकशी करायचं आधी जाहीर झालं, पण ती पुढे सरकलीच नाही. खात्यांतर्गत चौकशीवर भागवलं गेलं. पंतप्रधानांचा मुलगा नियम मोडून उडत होता, हे कागदावर कोण लिहिणार? खरं तर तेव्हाच ते ठणठणीत लिहिलं गेलं असतं तर हौशी वैमानिकांना जरब बसली असती. संजय यांच्याच गोटातले धीरेंद्र ब्रह्मचारी, ज्यांना स्वतःची विमानं बाळगायची हौस होती, तेही १९९४ च्या जूनमध्ये जम्मूकडे मानतलाईला आपल्याच विमानाच्या अपघातात गेले.

मागे राहिलेल्या माणसांचं काय झालं? राजीव यांना राजकारण नको होतं, सोनियांना तर त्याहून नको होतं. पण १९८१ मध्ये त्यांना नोकरी सोडून भावाच्या अमेठीतून उभं राहावं लागलं. पुढचं सगळं आपल्याला माहीत आहे. १९८४ मध्ये इंदिराजी, १९९१ मध्ये राजीव. एका सकाळच्या गिरकीने त्या घराचा रस्ताच बदलला.

आणि मनेका? सव्वातीन महिन्यांचं तान्हं लेकरू, वय तेवीस. संजय होते तोवर घरात त्यांचा मान होता. ते गेल्यावर वर्षा-दोन वर्षांत सासू-सुनेत असं बिनसलं की १९८२ च्या मार्च महिन्यात एका रात्री दोन वर्षांच्या वरुणला कडेवर घेऊन त्या पंतप्रधानांच्या बंगल्यातून बाहेर पडल्या. बाहेर फोटोवाले उभे होते. चूक कुणाची, यात मी पडत नाही. पण नवरा गेला की सुनेचं घरातलं स्थान कसं एका रात्रीत सरकतं, हे मला फॉर्म भरताना रोज दिसतं, आणि ते एक नंबर सफदरजंग रोडलाही चुकलं नाही, एवढंच सांगते. मनेका मात्र बसून राहिल्या नाहीत. १९८४ मध्ये अमेठीत दिराविरुद्ध उभ्या राहिल्या, सपाटून हरल्या. १९८९ मध्ये पिलीभीतहून निवडून आल्या, मंत्री झाल्या, मुक्या जनावरांसाठी आयुष्यभर भांडल्या.

महाराष्ट्रात अंतुले सरकारने त्याच १९८० साली निराधारांची योजना काढली आणि तिला आपल्या गेलेल्या नेत्याचं नाव दिलं. बोरिवलीच्या जंगलालाही पुढे तेच नाव मिळालं. संजय यांच्या बऱ्या-वाईट कामांपैकी लोकांच्या हातात खरोखर काही पडलं असेल तर ते या योजनेचे पैसे, असं मला वाटतं. ती त्यांनी काढलेली नाही, हा भाग वेगळा.

त्या विमानातल्या दुसऱ्या माणसाच्या नावाने मात्र कुठे काही नाही. सुभाष सक्सेना त्या विमानाच्या पुढच्या जागेवर होते. क्लबची नोकरी करणारा शिक्षक. वस्तीवर गिरक्या घ्यायच्या नसतात, इतक्या खालून तर नाहीच नाही, हे शिकवणं हेच त्यांचं काम. पण मागे बसलेला शिष्य पंतप्रधानांचा मुलगा होता, आणि ज्या साहेबांनी त्याला अडवलं होतं ते रजेवर गेले होते, हे क्लबात कुणाला ठाऊक नसेल? साहेबांनी गाडीत बस म्हटलं की ड्रायव्हरची रात्रपाळी झालेली असली तरी तो बसतो. ठेकेदाराने चढ म्हटलं की मजूर पट्ट्याशिवाय खांबावर चढतो. त्याच्या घरची बाई दारात उभी राहून बघते, तिला कळतं की हे बरं नाही, पण तिलाही महिनाअखेर दिसत असते. सक्सेनांच्याही घरी त्या सकाळी कुणीतरी चहा करून दिला असेल. आठ वाजून दहा मिनिटांनी तेही घर उजाड झालं, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत त्यांचं नाव संजय गांधींच्या नावाखाली, बारीक अक्षरांत आलं.